प्राइड अँड प्रेजुडिस

एक ख्यातनाम इंग्रजी कादंबरी. लेखिका जेन ऑस्टिन (१७७५–१८१७). लंडन येथील टॉमस एगर्टन ह्या प्रकाशकाने ती २८ जानेवारी १८१३ रोजी तीन खंडांत प्रसिद्ध केली. शीर्षकपृष्ठावर लेखिकेचे नाव नव्हते. सेन्स अँड सेन्सिबिलिटी (१८११) ह्या कादंबरीच्या कर्त्याची नवी कृती, एवढाच निर्देश होता. कादंबरीचा मूळ खर्डा ‘फर्स्ट इंप्रेशन्स’ ह्या नावाने ऑस्टिनने १७९६-९७ मध्ये, वयाच्या विसाव्या-एकविसाव्या वर्षी, लिहिला होता. तिच्या वडिलांनी त्यासंबंधी कॅडेल ह्या लंडनच्या प्रकाशकाकडे विचारणा केली. परंतु हस्तलिखित न पाहताच त्याने नकार कळविला. पुढे १८११-१२ च्या सुमारास ऑस्टिनने ह्या खर्ड्याचे संस्करण केले. नव्या शीर्षकातील शब्दांची जोडी फॅनी बर्नीच्या सेसिलिया (१७८२) ह्या कादंबरीच्या अखेरच्या भागात आढळते. कादंबरीचे सर्व हक्क ऑस्टिनने ११० पौंडांना विकून टाकले. त्यामुळे १८१३ मध्येच निघालेल्या दुसऱ्या आणि १८१७ मधील तिसऱ्या आवृत्तीचा आर्थिक लाभ तिला मिळाला नाही.

हर्टफर्डशर परगण्यातील लाँगबर्न ह्या गावी बेनेट हे जमीनदार कुटुंब राहत असते. बेनेट पतिपत्नींना जेन, एलिझाबेथ, मेरी, कॅथरिन (किटी) आणि लिडिया अशा पाच मुली आहेत, मुलगा नाही. शेजारचा नेदरफील्ड हा वाडा बिंग्ली नावाचा एक धनिक तरुण भाड्याने घेतो. तो आणि जेन परस्परांकडे आकृष्ट होतात. बिंग्लीचा मित्र डार्सी हा मात्र पहिल्याच नृत्यसमारंभात एलिझाबेथविषयी तुच्छतेने बोलतो आणि ते तिच्या कानी पडते. विकम हा देखणा लष्करी अधिकारी डार्सीने आपल्यावर अन्याय केल्याची कथा तिला ऐकवितो आणि दुखावलेली एलिझाबेथ ती सहज खरी मानते. पुढे डार्सी तिला मागणी घालतो, ती त्याला नकार देते, त्याच्या पत्राने तिचे डोळे उघडतात आणि अनेक घडामोडींनंतर दोघांचा विवाह होतो. एकसष्ट प्रकरणांच्या ह्या कथेचे बाह्य रूप सुखान्त प्रणयकथेचे आहे. तथापि प्रत्येक पात्राच्या मागे त्याच्या वार्षिक उत्पन्नाचा आकडा लेखिकेने दिलेला आहे आणि ह्या आकड्यांकडे दुर्लक्ष करून कादंबरी वाचल्यास तिचा अर्धा अर्थ हरवतो.

कादंबरीचा प्रारंभच एका खोडकर विधानाने होतो. धनवान अविवाहित पुरुषाला पत्नीची गरज असते, हे जणू सर्वमान्य सत्य असल्याचा आव निवेदक आणतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे, हे त्याच प्रकरणातील बेनेट पतिपत्नींच्या संवादावरून वाचकाच्या ध्यानी येते. गरज आहे ती निर्धन मुलींना, आणि ती पतीची आहे. बेनेटचे उत्पन्न सालीना २,००० पौंड, म्हणजे सुखवस्तू जमीनदाराला शोभेल एवढे आहे. परंतु त्याच्या मिळकतीवर ‘एंटेल’ ह्या नावाने ओळखला जाणारा वारसानिर्बंध आहे. मिळकत अखंड राहावी आणि घराण्याचे नाव टिकावे म्हणून जमीनदार घराण्यांत दस्तऐवजाद्वारे असे निर्बंध घालीत. त्यांनुसार विद्यमान धारकाला मिळकतीचे उत्पन्न हयातीपर्यंत उपभोगता येई. मात्र ती विकता किंवा मृत्युपत्राने कोणास देता येत नसे. लाँगबर्नची मिळकत पुरुष वारसांपुरती निर्बंधित असल्यामुळे बेनेटच्या मृत्यूनंतर ती कॉलिन्स ह्या दूरच्या आप्ताकडे जाणार आहे. मुलगा सज्ञान झाल्यावर बापलेकांनी मिळून असा निर्बंध मोडण्याची सोय होती आणि बेनेटने त्याच भरवशावर काटकसर केली नाही. मुलगा झालाच नाही. तोवर बचत करण्याची वेळ टळून गेली होती.

हा निर्बंध म्हणजे सर्वांना सारखाच लागू होणारा देशाचा कायदा नव्हे, हेही ऑस्टिनने सूचित केले आहे. डार्सीची मावशी लेडी कॅथरिन डी बर्ग हिच्या सासरी मुलींना वगळण्याची आवश्यकता कोणालाच भासली नव्हती, असे ती स्वतःच एलिझाबेथला सांगते. तिची रोगट मुलगी रोझिंग्जच्या विस्तीर्ण मिळकतीची वारस आहे. म्हणजे मुलींचे निर्वासन हे नियतीचे नव्हे, तर घराण्यातील पुरुषांनी केलेल्या व्यवस्थेचे फळ ठरते. मिसेस बेनेट ह्या निर्बंधाविरुद्ध सतत आक्रोश करते आणि कायद्याची ही बाब तिला समजावून सांगणे अशक्य म्हणून घरातील सारे तिला हसतात. ती उथळ, बोलभांड आणि मतलबी आहे खरी. परंतु पाच मुलींच्या भवितव्याची चिंता घरात प्रत्यक्ष वाहणारी तीच एकटी आहे. तिच्या विवाहाच्या वेळच्या करारान्वये तिच्यासाठी व मुलांसाठी ५,००० पौंड राखून ठेवलेले आहेत. त्यांतून एलिझाबेथच्या वाट्याला आईच्या पश्चात १,००० पौंड यावयाचे. ही रक्कम चार टक्के व्याजाच्या रोख्यांत आहे, असे लग्नाची मागणी घालताना कॉलिन्स तिला ऐकवतो. म्हणजे वर्षाला ४० पौंड. डार्सीचे वार्षिक उत्पन्न १०,००० पौंड, म्हणजे ह्याच्या अडीचशेपट आहे.

कॉलिन्सला एलिझाबेथने दिलेला नकार ह्या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. कॉलिन्स हा आत्मसंतुष्ट, लाचार आणि लांबलचक वाक्ये बोलणारा पाद्री आहे. त्याची मागणी हा इंग्रजी विनोदाचा एक उत्कृष्ट नमुना मानला जातो. परंतु तो लाँगबर्नचा भावी मालक आहे आणि त्याच्याशी विवाह केल्यास आईला व बहिणींना घर सोडावे लागणार नाही. नकार देऊन एलिझाबेथ केवळ स्वतःचीच नव्हे, तर सहा स्त्रियांची सुरक्षितता पणाला लावते. पुन्हा मागणी येईलच अशी खात्री नाही, ह्याची जाणीव कॉलिन्स तिला करून देतो. आणि तो मूर्ख असला, तरी ह्या मुद्यावर त्याचे म्हणणे चुकीचे नाही. स्त्रीचा नकार म्हणजे लाडिक आढेवेढे, ही त्याची समजूत दूर करताना एलिझाबेथ आपणास एक विवेकशील व्यक्ती मानण्याची विनंती त्याला करते. मेरी वुल्स्टनक्राफ्ट हिने अ व्हिंडिकेशन ऑफ द राइट्स ऑफ वुमन (१७९२) ह्या ग्रंथात स्त्रियांच्या वतीने हीच मागणी केली होती. कॉलिन्सच्या आवडीचे पुस्तक मात्र निराळे आहे. तरुण स्त्रियांना नम्रतेचा उपदेश करणारी जेम्स फोर्डिसची प्रवचने (१७६६) तो बेनेट भगिनींना वाचून दाखवू लागतो आणि तीन पानेही होत नाहीत तोच लिडिया त्याला मध्येच तोडते.

एलिझाबेथचा नकार मिळाल्यानंतर तीन दिवसांच्या आत कॉलिन्स तिच्या जिवलग मैत्रिणीला, शार्लट ल्यूकसला, मागणी घालतो आणि ती त्याचा स्वीकार करते. शार्लट सत्तावीस वर्षांची आहे, रूपाने सामान्य आहे आणि तिच्याजवळ द्रव्य नाही. कॉलिन्सविषयी तिला कोणताही भ्रम नाही. सुशिक्षित परंतु निर्धन स्त्रीला प्रतिष्ठेने पोट भरण्याचा विवाह हाच एक मार्ग आहे आणि सुख लाभेल की नाही हे अनिश्चित असले, तरी उपासमारीपासून बचाव करणारा तोच सुसह्य उपाय आहे, असा तिचा विचार निवेदक शांतपणे नमूद करतो. ही बातमी समजताच आपली मोठी बहीण घरात प्रौढ कुमारिका म्हणून राहणार नाही म्हणून तिचे भाऊ सुटकेचा निःश्वास टाकतात आणि आई मिस्टर बेनेट आणखी किती वर्षे जगेल ह्याचा हिशेब करू लागते. एलिझाबेथला मैत्रिणीचे हे वर्तन लांच्छनास्पद वाटते. पुढे ती केंटमधील हन्सफर्ड येथे शार्लटच्या घरी राहावयास जाते, तेव्हा तिला जे दिसते ते अधिक गुंतागुंतीचे आहे. शार्लट नवऱ्याला बागकाम करण्यास प्रोत्साहन देते. स्वतःच्या बैठकीसाठी तिने मागील बाजूची गैरसोयीची खोली निवडली आहे, कारण समोरची खोली घेतली असती, तर तो सारखा तेथे येऊन बसला असता. आपल्या घराची, कोंबड्यांची आणि परगण्यातील लोकांची निगा राखण्यात तिला समाधान आहे. तिचा संसार दुःखाचा आहे असे लेखिका म्हणत नाही, सुखाचा आहे असेही म्हणत नाही. कादंबरीच्या शेवटी एलिझाबेथ पेंबर्लीची स्वामिनी होते. पण लाँगबर्नची भावी मालकीण शार्लटच राहते, हे पुष्कळ वाचक विसरतात.

ऑस्टिनच्या स्वतःच्या आयुष्याचा संदर्भ येथे लक्षात घेण्याजोगा आहे. डिसेंबर १८०२ मध्ये हॅरिस बिग-विदर ह्या सधन कुटुंबातील तरुणाने तिला मागणी घातली. तिने ती स्वीकारली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपला होकार परत घेतला. त्या वेळी ती सत्तावीस वर्षांची होण्याच्या बेतात होती. शार्लटचे वयही तेच आहे. १८०५ मध्ये वडील निधन पावल्यावर तिला, तिच्या आईला आणि बहिणीला भावांच्या मदतीवर अवलंबून राहावे लागले. चॉटन येथे स्वतःचे म्हणता येईल असे घर त्यांना १८०९ मध्ये मिळाले, तेही श्रीमंत आप्तांनी दत्तक घेतलेल्या एडवर्ड ह्या भावाच्या मालकीचे होते. अविवाहित स्त्रियांना दारिद्र्याची भयंकर ओढ असते, अशा आशयाचा कडवट विनोद तिने १८१७ मध्ये आपल्या भाचीला लिहिलेल्या पत्रात केला आहे.

धनलोभ आणि व्यवहारज्ञान ह्यांमधील सीमारेषा कोठे काढावयाची, हा प्रश्न कादंबरीत एलिझाबेथच विचारते, पण तो वेगळ्याच प्रसंगी. १०,००० पौंडांचा वारसा मिळालेल्या मेरी किंग ह्या मुलीच्या मागे विकम लागतो, तेव्हा शार्लटला कठोर दोष देणारी एलिझाबेथ विकमचे वर्तन समजून घेण्याजोगे मानते. तिच्या ह्या पक्षपाताकडे निवेदक एका वाक्यात बोट दाखवून पुढे जातो. द्रव्यासाठी विवाह करणे ही केवळ स्त्रियांची लाचारी नाही, हेही ऑस्टिन विसरत नाही. कर्नल फिट्सविल्यम हा एका अर्लचा धाकटा मुलगा आहे. धाकट्या मुलांना मनाला येईल तेथे विवाह करणे परवडत नाही, असे तो एलिझाबेथला सौम्य शब्दांत सुचवितो. फरक एवढाच, की पुरुषाला लष्कर, चर्च, वकिली किंवा व्यापार असे पर्याय होते. स्त्रीला मुलांची शिक्षिका होणे किंवा एखाद्या आप्ताच्या घरी आश्रिताप्रमाणे राहणे एवढेच उरत असे. विवाहानंतरही तिची जंगम मालमत्ता कायद्याने पतीची होत असे. ही स्थिती १८७० व १८८२ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेसंबंधीच्या अधिनियमांनी बदलली. घटस्फोटासाठी १८५७ पूर्वी पार्लमेंटचा स्वतंत्र अधिनियम संमत करून घ्यावा लागे आणि तो सामान्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. तेव्हा चुकीच्या निवडीतून सुटका नव्हती. स्वतःचा पश्चात्ताप विनोदात दडवणारा बेनेट आपल्या आवडत्या मुलीला विवाहापूर्वी जो इशारा देतो, तो ह्या अनुभवातून आलेला आहे. यौवनाला आणि रूपाला भुलून त्याने लग्न केले, पत्नीविषयीचा आदर थोड्याच काळात संपला आणि त्यानंतर ग्रंथालयाचे दार लावून घेणे हाच त्याचा संसार झाला. वाचकाला तो आवडतो. पण त्याच्या निष्क्रियतेची किंमत मुली मोजतात, हे कादंबरी स्पष्टपणे दाखविते.

वर्गभेदाचे ऑस्टिनचे चित्रण उमराव आणि कष्टकरी अशा दोन टोकांमधील नाही. जमीनदार आणि त्यांच्या आसपासचे व्यावसायिक व व्यापारी ह्यांच्या एका अरुंद पट्ट्यात सूक्ष्म पायऱ्या कशा असतात, ते ती दाखविते. मिसेस बेनेट ही मेरिटन येथील एका वकिलाची मुलगी. तिचा भाऊ गार्डिनर लंडनच्या व्यापारी वस्तीत राहतो. बिंग्लीच्या बहिणी ह्या वस्तीच्या नावाने बेनेट भगिनींची टिंगल करतात. त्यांच्या भावाची जवळजवळ १,००,००० पौंडांची संपत्ती आणि त्यांचे प्रत्येकी २०,००० पौंड व्यापारातूनच आले आहेत, ह्याचा त्यांना सोयीस्कर विसर पडलेला असतो. सर विल्यम ल्यूकस हाही पूर्वीचा व्यापारी. राजाकडून ‘नाइट’ हा किताब मिळताच त्याने धंदा सोडला आणि आपल्या घराचे नाव बदलले. मुलीला देण्याजोगे द्रव्य त्यामुळेच त्याच्यापाशी उरले नसावे. ह्या सगळ्यांत सुसंस्कृत ठरतात ती गार्डिनर पतिपत्नी, ज्यांना आपल्या व्यापाराची लाज वाटत नाही.

डार्सीची पहिली मागणी हा ह्या वर्गजाणिवेचा कळस होय. आपले प्रेम व्यक्त करताना तो एलिझाबेथच्या हलक्या आप्तसंबंधांविषयी अधिक बोलतो आणि तिचा होकार गृहीत धरतो. तिच्या नकारातील सर्वांत झोंबणारा शब्द म्हणजे त्याचे वर्तन ‘जेंटलमन’ला शोभणारे नाही, हा होय. ‘जेंटलमन’ म्हणजे जन्माने कुलीन की आचरणाने सज्जन, हा त्या काळच्या इंग्रज समाजातील जिवंत प्रश्न होता. पुढे लेडी कॅथरिन एलिझाबेथला धमकावण्यास येते, तेव्हा तो सद्गृहस्थ आहे आणि मी सद्गृहस्थाची मुलगी आहे, एवढ्या अंशी आम्ही समान आहोत, अशा आशयाचे उत्तर ती देते. हे उत्तर बाणेदार आहे, परंतु क्रांतिकारक नाही. ते वर्गाची चौकट मोडत नाही. त्या चौकटीत आपले स्थान मागते. मिसेस बेनेटच्या असभ्यतेने एलिझाबेथला जशी लाज आणली, तशीच उमराव घराण्यातील लेडी कॅथरिनच्या उद्धटपणाने डार्सीला आणावी, ही योजना मात्र अर्थपूर्ण आहे.

पेंबर्लीच्या वाड्याला एलिझाबेथ दिलेली भेट हे वादाचे स्थळ आहे. तो वाडा आणि परिसर पाहून येथील स्वामिनी होणे ही काही सामान्य गोष्ट नव्हे, असे तिच्या मनात येते. आणि डार्सीवरील प्रेम कधीपासून, ह्या जेनच्या प्रश्नाला पेंबर्ली पाहिल्यापासून, असे ती गमतीने सांगते. वॉल्टर स्कॉटने १८१६ मध्ये ऑस्टिनच्या एमा ह्या कादंबरीवरील परीक्षणात ही गंमत बऱ्याच अंशी खरी मानली. ती तशी मानणे अन्यायाचे आहे, कारण ह्याच पुरुषाला आणि ह्याच मिळकतीला तिने काही महिन्यांपूर्वी नकार दिलेला होता. तथापि पेंबर्ली हे केवळ वैभवाचे चिन्ह नव्हे. तेथील जुनी कारभारीण, मिसेस रेनल्ड्स, मालकाच्या दयाळूपणाची साक्ष देते. नोकर, कुळे आणि बहीण ह्यांचे सुख ज्याच्यावर अवलंबून आहे, त्याचे चारित्र्य त्याच्या मिळकतीच्या व्यवस्थेतून दिसते. संपत्ती आणि सद्गुण ह्यांची सांगड येथे लेखिकेने घातली आहे आणि तिच्या सामाजिक दृष्टीची मर्यादाही येथेच आढळते.

लिडियाच्या पलायनाने कथानकाला निर्णायक वळण मिळते. पंधरा-सोळा वर्षांची ही मुलगी विकमबरोबर पळून जाते. १७५३ च्या विवाहविषयक अधिनियमानुसार इंग्लंडमध्ये एकवीस वर्षांखालील व्यक्तीला परवान्याने विवाह करण्यास पालकांची संमती आवश्यक होती. स्कॉटलंडला हा अधिनियम लागू नसल्यामुळे पळून जाणारी जोडपी सरहद्दीवरील ग्रेटना ग्रीन येथे जात. लिडियाही तेथेच गेली असावी, असा घरच्यांचा आरंभी समज होतो. ती विवाहाविना लंडनमध्येच राहिली आहे हे कळताच ते हादरतात. तत्कालीन कादंबऱ्यांत अशा मुलीचा शेवट बहुधा मरणात होई. कॉलिन्सलाही तिचे मरण अधिक बरे वाटते आणि तसे तो शोकपत्रात लिहितो. ऑस्टिन हा संकेत पाळत नाही. लिडिया विवाहित होऊन निर्लज्जपणे घरी येते आणि विवाहिता म्हणून मोठ्या बहिणीच्या आधी जेवणघरात जाण्याचा मान मागते. हा विवाह घडवून आणला आहे तो पैशाने. विकमची हजारापेक्षा अधिक पौंडांची कर्जे, लिडियाच्या नावे आणखी १,००० पौंड आणि विकमसाठी लष्करातील पद हा सारा खर्च डार्सीने गुप्तपणे केलेला असतो. बेनेट कुटुंबाची अब्रू, जेनचा विवाह आणि एलिझाबेथचे सुख ह्या रकमेवर उभे आहे. प्रेमविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या कादंबरीत असा सौदा मध्यभागी असावा, ही विसंगती लेखिकेच्या नजरेतून निसटलेली नाही.

व्यक्तिचित्रणात ऑस्टिनची मुख्य साधने दोन आहेत. पहिले साधन संवादाचे. प्रत्येक पात्र आपापल्या लकबीने बोलते आणि त्याच्या बोलण्यातच त्याचा न्याय होतो. दुसरे साधन मुक्त अप्रत्यक्ष निवेदनाचे. ह्यात निवेदकाचे तृतीयपुरुषी वाक्य नकळत पात्राच्या मनातील शब्द उच्चारू लागते. डार्सीचे पत्र एलिझाबेथ पुनःपुन्हा वाचते ते छत्तिसावे प्रकरण ह्या पद्धतीचे उत्कृष्ट उदाहरण आहे. आपण आंधळ्या, पक्षपाती आणि अहंमन्य होतो, हे तिला तेथे उमगते. शीर्षकातील अहंकार केवळ डार्सीचा आणि पूर्वग्रह केवळ एलिझाबेथचा, ही रूढ समजूत ह्या प्रकरणाने खोडली जाते. दोन्ही दोष दोघांतही आहेत. दुय्यम पात्रांना मात्र असे अंतरंग दिलेले नाही. कॉलिन्स किंवा मेरी बदलत नाहीत, कारण त्यांना विचार करण्यास लेखिका जागाच ठेवीत नाही. ॲलेक्स वॉलॉक ह्याने द वन व्हर्सेस द मेनी (२००३) ह्या ग्रंथात ह्या पात्रांच्या आक्रसण्याचा संबंध विवाहाच्या बाजारातील स्पर्धेशी जोडला आहे.

ऑस्टिनला स्वतःला ही कादंबरी अतिशय प्रिय होती; तरी ती फार हलकी आणि झगझगीत झाली असून तिला थोड्या छायेची गरज होती, असेही तिने थट्टेने लिहिले आहे. शार्लट ब्राँटे हिला तीत नीटस कुंपण घातलेल्या बागेपलीकडे काही आढळले नाही आणि तसे तिने १८४८ मध्ये जी. एच्. ल्यूइस ह्या समीक्षकाला कळविले. आर्. डब्ल्यू. चॅपमनने १९२३ मध्ये ऑक्सफर्डहून ऑस्टिनच्या कादंबऱ्यांची चिकित्सक आवृत्ती काढल्यावर त्यांचा काटेकोर अभ्यास सुरू झाला. डी. डब्ल्यू. हार्डिंगने १९४० मधील आपल्या निबंधात ऑस्टिनच्या विनोदामागे तिच्या समाजाविषयीचा संयत द्वेष असल्याचे प्रतिपादन केले. मॅरिलिन बटलरने १९७५ मध्ये तिला फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या स्थितिवादी विचारपरंपरेत बसविले. क्लॉडिया जॉन्सनने १९८८ मध्ये उलट बाजू मांडून एलिझाबेथच्या सुखाच्या आग्रहात राजकीय धीटपणा पाहिला. मेरी पूवीच्या मते (१९८४) येथील प्रणयविवाह हा सामाजिक अंतर्विरोध मिटविण्याचा केवळ काल्पनिक उपाय आहे. ह्या मतांपैकी शेवटचे अधिक पटण्याजोगे असले, तरी शार्लटचे हन्सफर्ड येथील घर पाहता तो उपाय काल्पनिक असल्याची जाणीव लेखिकेला नव्हती, असे म्हणता येत नाही.

कादंबरीची चित्रपट आणि दूरचित्रवाणी रूपांतरे अनेक झाली. त्यांत १९४० चा अमेरिकन चित्रपट, १९९५ ची बीबीसीची मालिका आणि २००५ चा जो राइट दिग्दर्शित चित्रपट विशेष गाजले. जो बेकरच्या लाँगबर्न (२०१३) ह्या कादंबरीत तीच कथा बेनेट कुटुंबाच्या नोकरांच्या नजरेतून सांगितली असून मूळ कादंबरीत जवळजवळ अदृश्य राहिलेले त्यांचे कष्ट तीत पुढे येतात. बँक ऑफ इंग्लंडने २०१७ मध्ये ऑस्टिनचे चित्र असलेली दहा पौंडांची नोट काढली. तीवर वाचनाच्या आनंदाविषयीचे जे वाक्य छापले आहे, ते कादंबरीत पुस्तकात मुळीच रस नसलेल्या बिंग्लीच्या बहिणीच्या तोंडी, डार्सीवर छाप पाडण्यासाठी, आलेले आहे. भारतात १९८५ मध्ये दूरदर्शनने तृष्णा ही ह्या कादंबरीवर आधारित हिंदी मालिका प्रक्षेपित केली. गुरिंदर चढ्ढाच्या ब्राइड अँड प्रेजुडिस (२००४) ह्या चित्रपटात बेनेट कुटुंब अमृतसरचे पंजाबी कुटुंब झाले आहे आणि कथेचा काही भाग गोव्यात घडतो. वारसानिर्बंधाची अडचण तेथे नाही. कॉलिन्सच्या जागी असलेला कोहली अमेरिकेत स्थायिक झालेला आहे आणि लाँगबर्नच्या जमिनीऐवजी परदेशातील सुस्थितीचे आमिष त्याच्या मागणीला वजन देते.